दुनाली, परवाना आणि आतली कडी

यांचं तेरावं व्हायच्या आधीच गावातली निरनिराळी माणसं मला एकच प्रश्न विचारून गेली, "बाईजी, बंदूक का क्या करोगी?" शेताचं काय, गाईचं काय, मुलीकडे पुण्याला जाणार का, हे सगळं नंतर. आधी बंदूक. आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही. ग्वाल्हेर-चंबळकडे खांद्याला दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, अडकवून कुणी पेट्रोल पंपावर रांगेत उभा असला तर शेजारचा वळूनही बघत नाही. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची युक्ती निघाली होती, आणि ती चाललीही. २०१९ मध्ये ग्वाल्हेरला अर्जदारांना आधी दहा झाडं लावून त्यांच्यासोबत सेल्फी काढायला सांगितलं होतं. त्याच वर्षी थंडीत गोशाळेला कांबळी द्यायला सांगितली. मुळात लोकांना बंदूक इतकी हवी असते की तिच्या बदल्यात त्यांच्याकडून काहीही करून घेता येतं.

आमचं घर शिवपुरी रस्त्यावर, घाटीगावच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून बरंच आत. चारी बाजूंनी मोहरी आणि गहू, सगळ्यात जवळचं घर दाऊंचं, तेही हाक मारली तर वारा अनुकूल असला तरच ऐकू जाईल इतकं लांब. यांच्या निवृत्तीनंतर ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर भागातलं भाड्याचं बिऱ्हाड मोडून आम्ही इथे आलो. २०२३च्या जानेवारीत हे गेले. मुलगी म्हणाली, चल पुण्याला. मी म्हटलं, बघू. ते 'बघू' अजून चाललंय.

बंदूक सासऱ्यांची. स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती, बारा बोअरची दुनाली, बाहेर दोन घोडे असलेली. सासऱ्यांच्या मागे ती यांच्या परवान्यावर चढली आणि दर खंडेनवमीला हळदकुंकू लावून पुन्हा कपाटामागे उभी राहिली. आता ती आपोआप माझी झाली असं गावाचं मत. पण परवाना माणसाच्या नावावर असतो. घराच्या नाही, बंदुकीच्याही नाही. माणूस गेला की त्या घरात ती बंदूक ठेवण्याचा अधिकार संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमात तसं स्पष्ट आहे: विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायची. यांचे एक मित्र वकील आहेत, त्यांना मी वकीलकाका म्हणते. ते समाचाराला आले होते तेव्हाच त्यांनी ते हळूच सांगितलं. मी ठाण्यात फोन लावला. हवालदार आले, बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं मोजली, नोंद केली. त्यांच्या देखतच ती ग्वाल्हेरच्या एका विक्रेत्याकडे जमा झाली. पावतीवर नंबर, बोअर, नळ्यांची लांबी, दस्त्यावरच्या चिरेपर्यंत सगळं लिहून घ्या, हा सल्लाही वकीलकाकांचाच.

काडतुसांचं तेव्हाच उरकलं ते बरं झालं. पत्र्याच्या डब्यात जुनी, कागदी कवचाची काडतुसं होती, ओलीने फुगून बेढब झालेली. कपडे, औषधं, जुने चष्मे आवरताना असं काही हाती लागलं तर उकिरड्यावर फेकायचं नाही, विहिरीत टाकायचं नाही, "एकदा झाडून संपवून टाकू" तर मुळीच म्हणायचं नाही. ठाण्याला कळवायचं.

परवान्याचा अर्ज मात्र मी लगेच केला नाही. वारसाला परवाना मागता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी तरतूदच आहे: मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं शपथपत्र. बाकीची वारस म्हणजे माझी एकुलती मुलगी. तिने फोनवर सरळ सांगितलं, "आई, सही करते, पण आत्ता नको." मी विचारलं, का? ती गप्प बसली. मला कळलं. अर्जाबरोबर शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं म्हणून मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते, तिथेही सही सोडून भलतेच प्रश्न सुरू झाले. झोप लागते का? जेवता का? सकाळी उठावंसं वाटतं का? मग पेन खाली ठेवून ते म्हणाले, "काकू, थोडे महिने जाऊ द्या. प्रमाणपत्र मी देईन, पण घरात बंदूक आत्ता नको." चिठ्ठीच्या मागे त्यांनी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, नंबर लिहून दिला. रात्री बोलावंसं वाटलं तर लावा म्हणाले, आपल्या भाषेत बोलतात.

मला राग आला नाही. इतकी वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला समोरचा काय न बोलता विचारतोय ते समजतं. एकट्या माणसाच्या घरातल्या बंदुकीबद्दल लोक बोलतात तेव्हा चोराबद्दल बोलतात. त्या माणसाच्या वाईट रात्रीबद्दल कुणी बोलत नाही. मी त्या रात्री एकदा नाही, पुष्कळदा काढल्या, आणि त्या काळात बंदूक लष्करात विक्रेत्याच्या तिजोरीत होती याचं मला आजही समाधान आहे. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलंय, ज्यांची झोप उडालीय, दारू वाढलीय, त्यांनी आधी बंदूक घराबाहेर ठेवावी. जमा करायला कुणी कारण विचारत नाही.

तोवर घराकडे बघितलं. गावात ज्याला त्याला विचारलं की राखणीला काय लागतं, उत्तर एकच, दुनाली. सुताराला विचारलं तर तो दाराची चौकट ठोठावून म्हणाला, "ये तो लात से खुल जाएगा." त्याचं खरं होतं. मागचं दार बदललं, दोन्ही दारांना आतून आडवा अडसर बसवला, बिजागऱ्यांचे छोटे स्क्रू काढून चौकटीत खोल जाणारे लांब घातले. अंगणात हालचाल झाली की लागणारे सौर दिवे बसवले. त्यामुळे पहिले काही दिवस मांजरांनी मला झोपू दिलं नाही. कुत्री होतीच, ती आता रात्री अंगणात आणि थंडीत ओसरीवर. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी उचलून गोठ्यात कुलपात टाकली. आपणच चोराला शिडी देऊन ठेवतो आणि वर खिडकीला गज का नाहीत म्हणून हळहळतो.

सगळ्यात जास्त खर्च आतल्या खोलीवर झाला. मधल्या घराला लागून धान्याची कोठी होती, दगडी भिंतींची, उंचावर एकच गजांची खिडकी असलेली. ती रिकामी करून माझी निजायची खोली केली. जाड सागवानी दार, आतून कडी आणि अडसर. उशाशी बॅटरी, फोन, भरलेली पॉवर बँक, पाण्याचा तांब्या, एक शिट्टी. फोनची रेंज खिडकीपाशीच येते, म्हणून पलंग खिडकीखाली. ११२ ला फोन लावला तर काय सांगायचं तेही कागदावर लिहून खिडकीशेजारी चिकटवलं: रस्ता, कुठल्या फाट्यावरून वळायचं, कुठल्या रंगाचं फाटक. दिवसा पाठ असलेला पत्ता रात्री धडधडत्या छातीने सांगता येतोच असं नाही. दाऊंशी ठरवलं, माझी शिट्टी ऐकली की त्यांनी फोन करायचा, धावत यायचं नाही. त्यांना ते पटायला वेळ लागला. धावून येणं त्यांच्या रक्तात आहे. पण अंधारात माझ्या अंगणात दोन माणसं असतील तर चोर कोण आणि दाऊ कोण हे मला कसं कळणार?

ते नुसतं बोलण्यातलं राहिलं नाही. पावसाळा संपता संपता एका रात्री कुत्री भुंकायला लागली, दिवा लागला, आणि गजांमधून बघते तर डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक माणूस हातात लांब काहीतरी धरून विहिरीपासून गोठ्याकडे सरकतोय. मी कडी तपासली आणि दाऊंना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, "अरे, वो हमारा लड़का है, पड़िया छूट गई है." हातातलं लांब म्हणजे रेडकू हाकायची काठी. पोराने मला हाक का मारली नाही? कारण माझ्या घरात बंदूक आहे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, आणि काकू घाबरून गोळी घालतील या भीतीने तो गुपचूप चालला होता. त्या वेळी बंदूक घरात नव्हती, हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर विक्रेत्याकडे जाऊन मी बंदूक नीट तपासायला सांगितली. त्यांच्याकडचे जुने कारागीर बोलायला तुसडे, पण हात फार हळुवार. त्यांनी पुढचा लाकडी तुकडा खटकन काढला, नळ्या वेगळ्या केल्या, उजेडाकडे धरून मला आत बघायला लावलं. आत चकचकीत कड्या दिसायला हव्या होत्या. तिथे खड्डे होते, गंजाने खाल्लेले. मग नळ्या परत जोडून त्यांनी बंदूक बंद केली, दस्ता धरून जरा हलवली, आणि जोडाशी बारीक खुट् असा आवाज झाला. "सैल झालीय," म्हणाले. शेवटी पितळेचा माप घालायचा दांडा काढून काडतूस बसतं ती जागा मोजली. ती अडीच इंची निघाली. आज बाजारात मिळणारं बारा बोअरचं काडतूस पावणेतीन इंची, सत्तर मिलिमीटरचं. आखूड जागेत ते बसतं, बंदूक बंदही होते, म्हणून फसगत होते. झाडल्यावर काडतुसाचं तोंड उलगडायला पुढे जागा उरत नाही, दाब वाढतो, आणि खड्डे पडलेल्या जुन्या नळीने तो सोसावा अशी अपेक्षा करता येत नाही. त्यांनी बंदूक मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली. "ये चलाने की नहीं है, बाईजी. कब से नहीं है, भगवान जाने."

म्हणजे इतकी वर्षं जिच्या भरवशावर आम्ही रात्री बिनघोर झोपलो ती झाडली असती तर पहिली इजा झाडणाऱ्याला झाली असती. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. यांना तर सांगायला हे राहिलेच नव्हते. ज्यांच्याकडे वाडवडिलांची बंदूक आहे त्यांनी पूजेआधी एकदा कारागिराला दाखवावी, एवढं मात्र भेटेल त्याला सांगत असते.

अर्ज मी शेवटी त्या सप्टेंबरात केला. फॉर्म ए-१, फोटो, पत्त्याचे पुरावे, आरोग्याचं प्रमाणपत्र (डॉक्टरांनी या वेळी आढेवेढे न घेता दिलं, पण झोपेचं पुन्हा विचारलंच), मुलीचं शपथपत्र आणि घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. मग ९ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत नवे परवाने देत नाहीत, उलट लोकांची हत्यारं जमा करून घेतात. निवडणूक आटोपली, फाईल हलली, आणि मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता आली. आमच्याकडचं मतदान ७ मेला. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तसंही फाईल काय, माणूससुद्धा हलत नाही.

प्रशिक्षण मधल्या काळात उरकलं. नव्या नियमांत ते लागतंच: हाताळणी, नेम, निगा, साठवण, ने-आण. शिकवणारे भिंडचे निवृत्त सुभेदार. माझ्याबरोबरचे सगळे पुरुष, बहुतेक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, आणि त्यांना सगळं आधीच येत होतं. सुभेदारांनी टेबलावर घडी घातलेलं ब्लँकेट टाकलं, त्यावर एक दुनाली ठेवली आणि पहिल्या मुलाला म्हणाले, उचल. त्याने ऐटीत उचलली. त्याचं बोट चापावर आणि नळ्यांचं तोंड माझ्या पोटाकडे. सुभेदार काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या मनगटाला धरून नळ्या जमिनीकडे केल्या, बोट सोडवून चापाबाहेर लाकडावर लांब ठेवलं, बंदूक उघडली आणि दोन्ही भोकं त्याच्या डोळ्यांसमोर धरली. मग पुढचा. तोही तसाच. मग मी.

त्यांनी मला एक जास्तीची गोष्ट शिकवली, कारण मी एकटी राहते. डोळे मिटायला सांगितले. बंदूक उघडायची, करंगळी एका नळीत, मग दुसऱ्या नळीत. रिकामी असेल तर बोट आत जातं, कडेचा गार पोलाद लागतो. भरलेली असेल तर बोट पितळेवर अडतं. हे पुन्हा पुन्हा करून घेतलं. अंधारात, वीज गेलेली असताना, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका म्हणाले, आणि "रिकामी आहे" असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर तर नाहीच. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे तोंड वळवायचं नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर. आणि समोर कोण आहे व त्याच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय काहीच नाही.

मैदानावर त्यांनी एक जुनी फळी उभी केली आणि तिच्यामागे मातीचा बांध. लोकांचा समज असा की छर्रे सगळ्या खोलीत पसरतात, नेम नसला तरी लागतात. खोलीच्या लांबीवरून झाडल्यावर फळीला वाटीएवढ्या जागेत भोकं पडली होती. म्हणजे नेम चुकला तर चुकलाच. आणि फळीतून आरपार जाऊन मागच्या मातीत छर्रे रुतले होते. दाराआडून आवाज आला म्हणून दारावर झाडणाऱ्याने ती फळी बघायला हवी. माझा खांदा मात्र चांगलाच काळानिळा झाला.

शेवटी त्यांनी मला विचारलं, "रात को आहट हुई. एक हाथ में टॉर्च, एक में बंदूक. फोन कौन करेगा?" मी म्हटलं, फोन आधी. ते हसले, बाकीच्यांकडे बघून म्हणाले, सुना? पोरांना बाहेर जाऊन बघायचं होतं. आवाज आला की दार उघडून हत्यार घेऊन बाहेर पडणं हे त्यांच्या मते राखण. सुभेदार म्हणाले, बाहेरच्याला तुमचं दार माहीत आहे, तुम्हाला तो कुठे उभा आहे ते माहीत नाही. निघायचं कशाला?

कायद्याचं वकीलकाकांनी समजावलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. दंडविधानात ९६ ते १०६ या कलमांत असलेला स्वसंरक्षणाचा हक्क आता ३४ ते ४४ मध्ये आहे. हक्क मोठा आहे, पण त्याला कुंपण आहे. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. मी त्यांना आमच्याकडचं खरं दुखणं विचारलं: रात्री विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेतात. झाडता येईल का? "नाही," ते म्हणाले. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत हक्क जातो तो दरोडा, सूर्यास्तानंतर घर फोडणं, राहत्या घराला आग लावणं अशा वेळी. साध्या चोरीत मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तरच. केबल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलीत तर तुम्ही आरोपी. हवेत? हवेत गेलेलं कुठेतरी खाली येतंच. आणि पिकात शिरलेल्या रोझांवर, म्हणजे नीलगायींवर? त्याला वेगळी सरकारी परवानगी लागते, बंदुकीचा परवाना पुरत नाही. मी म्हटलं, मग उरलं काय? ते म्हणाले, "आतल्या खोलीचं दार फोडून कुणी आत आला, तर जे उरतं ते."

चौकशीला आलेल्या हवालदारांनी शेजाऱ्यांना विचारलं, घर पाहिलं, बंदूक कुठे ठेवणार ते पाहिलं. मी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट दाखवलं. दगडी भिंतीत बोल्ट ठोकून पक्कं केलेलं, बोल्टची तोंडं कपाटाच्या आतून. आत नळ्या एका कप्प्यात, दस्ता दुसऱ्यात. काडतुसं त्याच खोलीतल्या फडताळात, वेगळ्या कुलपाच्या पेटीत. किल्ल्या माझ्या कमरेला, दुसरा जोड लष्करातल्या बँकेच्या लॉकरमध्ये. देवघरात नाही, डाळीच्या डब्यात नाही, कपाटाच्या डोक्यावर नाही. त्या जागा घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. हवालदारांना कौतुक वाटलं, पण एक शंकाही आली: "माताजी, इतक्या कुलपांत वेळ नाही का जाणार?" जाईल. म्हणूनच तर कपाट त्या खोलीत आहे. मी आधी आत, मग कडी, मग अडसर, मग ११२, मग दाऊ. तेवढं झाल्यावरच कपाट. वेळ दाराने मिळवून द्यायचा, बंदुकीने नाही.

परवाना त्या पावसाळ्यात हातात आला. २०१९ च्या दुरुस्तीपासून मुदत तीनाऐवजी पाच वर्षांची आहे आणि एका माणसाला दोनच हत्यारं. मला एकही जड झालंय. सासऱ्यांची दुनाली रीतसर विक्रेत्याकडे काढून टाकली. तिच्या जागी सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची दुनाली घेतली, परवान्यावर नंबर चढवला, काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती तेही त्यावरच लिहिलेलं आहे. मे महिन्यात मुलीची पोरं येतात तेव्हा बंदूक विक्रेत्याकडे जमा असते, मी पुण्याला जाते तेव्हाही. त्याचे थोडे पैसे पडतात. रिकाम्या घरातली बंदूक चोरासाठीच ठेवलेली असते, आणि चोरीला गेली तर तिचं पुढे काय होईल याची रुखरुख आपल्याला. खंडेनवमीला पूजा करते, पण हळदकुंकू आता दस्त्याच्या लाकडाला. पोलादाला लावलं की ओल धरते, हे कारागिरांनी बजावलंय.

मागच्या थंडीत दाऊंच्या नातीचं लग्न ठरलं. ते स्वतः आले, गूळ-शेंगदाण्याची चिक्की घेऊन, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, वरातीपुरती दुनाली द्या, एकच रात्र. मी सांगितलं, परवाना माझा आहे, दुसऱ्याच्या हातात दिली तर मीही आत आणि तुम्हीही. आणि हर्ष फायर, म्हणजे आनंदाच्या भरात हवेत गोळीबार, केलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते म्हणाले, "सिर्फ कंधे पे टाँगेगा लड़का, कारतूस मत दो." मी म्हटलं, नाही. ते उठले. चिक्की मात्र ठेवून गेले.

लग्नाला मी गेले. आहेराचं पाकीट दिलं, दाऊंच्या बायकोने आग्रह करकरून पुऱ्या वाढल्या, आणि वरात यायच्या आत मी परत निघाले.